यकृताचं घड्याळ: उशिराचं जेवण, नाईट शिफ्ट आणि फॅटी लिव्हर

गोदाकाठची (धागाकर्ती)

"रात्री १ ते ३ लिव्हर शरीरातली घाण साफ करतं, त्या वेळी जागे राहिलात तर विष साठतं." हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरायला लागलाय. खाली हात जोडलेले, गुलाबाची फुलं आणि "दहा जणांना पाठवा". मी फार्मसीच्या पोरांना बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे दर वेळी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, खरं का हो हे?" ग्रुपवर लांबलचक लिहिलं की लोक वैतागतात. म्हणून इथे धागा.

हा १ ते ३ चा आकडा पारंपरिक चिनी वैद्यकातून आलाय. त्यात दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भाग पाडून एकेक अवयवाला वाटून दिलेत. लिव्हर असं वेळ बघून झाडलोट करत नाही. प्रथिनं मोडल्यावर होणाऱ्या अमोनियाचा युरिया करणं, औषधं मोडणं, दारू मोडणं ही कामं चोवीस तास चालू असतात. दुपारी चारला दोन पेग मारले तर लिव्हर रात्री एकपर्यंत थांबत नाही.

पण म्हणून वेळेचा आणि लिव्हरचा संबंधच नाही, असंही नाही. उलट खरी गोष्ट त्या मेसेजपेक्षा कितीतरी भारी आहे.

शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं. जेमतेम वीस हजार पेशींचा पुंजका. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर ते रोज वेळ लावून घेतं. पण प्रत्येक पेशीतही एक घड्याळ असतं. काही ठरावीक जीन्स प्रथिनं बनवतात, ती प्रथिनं पुरेशी साठली की स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालतात, मग ती मोडतात, लगाम सुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. या एका फेऱ्याला साधारण चोवीस तास लागतात. फळमाशीवर हे शोधून काढलं म्हणून जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

लिव्हरच्या पेशीतही हाच फेरा. फक्त लिव्हरला उजेड दिसत नाही. ते मेंदूचं ऐकतं, पण त्याहून जास्त ऐकतं ताटाचं. २००० साली जिनिव्हात उली शिबलर यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना फक्त दिवसा खायला दिलं. उंदीर निशाचर, त्यांची जेवणाची वेळ रात्रीची. काही दिवसांत त्यांच्या लिव्हरचं घड्याळ बारा तासांनी उलटं झालं, मेंदूतलं मात्र जागचं हललं नाही. एकाच शरीरात दोन वेळा. रात्री साडेअकराला जेवणाऱ्या माणसात थोड्याफार प्रमाणात हेच होत असावं, अशी यामागची शंका आहे.

आता यात बिघडतं काय? दिवसा जेवलो की लिव्हर साखर आत घेऊन ग्लायकोजेन म्हणून साठवतं. साधारण १०० ग्रॅम मावतं. रात्री उपाशीपोटी ते उलटं काम करतं: ताशी ८ ते १० ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं, नाहीतर झोपेत मेंदूला काय मिळणार? साठा उतरत जातो तशी चरबी जाळण्याकडे कल वाढतो. याच वेळी मेलॅटोनिन हे अंधार पडल्यावर स्रवणारं हार्मोन वाढलेलं असतं आणि त्यामुळे स्वादुपिंड इन्शुलिन सोडताना हात आखडता घेतं. अशा वेळी भात, पोळी, वर दोन गुलाबजाम आत गेले म्हणजे बाजार समितीत लिलाव आटोपून व्यापारी घरी गेल्यावर ट्रॅक्टर गेटवर येऊन उभा राहिला. माल कोणीतरी उतरवून घेणारच, पण भाव पडणार. साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते, इन्शुलिन जास्त लागतं, आणि चरबी जाळायचे जे चार तास मिळणार होते तेही गेले.

इथे एमआयडीसीत शिफ्ट करणारे, शेतीला रात्रीचं पाणी भरणारे, हॉटेलवाले बरेच आहेत. तुमचं जेवणाचं वेळापत्रक काय असतं ते लिहा. पुस्तकातलं मला माहितेय, तुमचं नाही.

---

झणझणीत

म्हणजे रविवारी सकाळी साडेआठला मिसळ हे शास्त्रशुद्ध आहे तर. बायकोला धागा फॉरवर्ड केला आहे.

---

शंकासुर

छान लिहिलंय, पण नेहमीचंच: उंदीर, माशी, उंदीर. माणसात काय दिसलंय? आणि 'थोड्याफार प्रमाणात होत असावं' म्हणजे नक्की किती?

---

गोदाकाठची

शंकासुर, तुम्ही येणार हे माहीत होतं.

माणसात अडचण अशी की दर चार तासांनी कोणाच्या लिव्हरचा तुकडा काढता येत नाही. म्हणून रक्तातल्या साखरेवरून अंदाज बांधावा लागतो. २०१५ मध्ये बोस्टनच्या गटाने तेच जेवण त्याच माणसांना सकाळी ८ ला आणि रात्री ८ ला दिलं. झोपेचा, उजेडाचा, हालचालीचा परिणाम वेगळा काढल्यावरही रात्री जेवणानंतरची साखर १७ टक्के जास्त होती. ताट तेच, माणूस तोच.

उंदरांवरचा आणखी एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो करणारे सच्चिदानंद पांडा मूळचे ओडिशाचे. अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत २०१२ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांचे दोन गट केले आणि दोघांना तेच तेलकट खाणं दिलं. एक गट वाट्टेल तेव्हा खायचा, दुसऱ्याला रात्रीचे आठच तास. कॅलरी जवळपास सारख्या. पहिला गट लठ्ठ झाला, लिव्हरमध्ये चरबी भरली. दुसरा बऱ्यापैकी शाबूत राहिला. 'इंटरमिटंट फास्टिंग'ची लाट आली त्यात या प्रयोगाचा मोठा हात आहे.

---

सातपूर_नाईट

ताई, माझीच केस लिहिल्यासारखं वाटलं. वय ४१, कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते: फर्स्ट, सेकंड, नाईट. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही. कंपनीच्या मेडिकलमध्ये सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर आलं तर घरचे माझ्याकडे संशयाने बघायला लागले, "मित्रांबरोबर घेत असशील."

नाईटला माझं असं असतं. घरून नऊला जेवून निघतो: दोन पोळ्या, भाजी, थोडा वरणभात. दीडला कँटीन उघडतं. बटाट्याची रस्साभाजी, पुऱ्या, भात, शुक्रवारी शिरा. भूक नसते पण सगळे उठतात म्हणून उठायचं, आणि फुकटचं सोडवत नाही. अडीच ते साडेचार झोप इतकी येते की चहा लागतोच, मशीनचा, गोड मिट्ट. तीन होतात, कधी चार. सकाळी सुटल्यावर गेटबाहेर उलटा वडापाव. घरी येऊन अंघोळ, पोहे, झोप. दुपारी दोनला उठून जेवण.

आता हे लिहिताना लक्षात येतंय, मी खात नाही अशी वेळच नाहीये.

---

डॉ_पोटोबा

पोटविकारांचा डॉक्टर आहे, नाशकातच. सातपूर, पहिलं घरच्यांना सांगा: फॅटी लिव्हर म्हणजे दारू हे समीकरण कधीच मोडीत निघालंय. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये आला, त्यात मोठ्या माणसांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना दारूशिवायचं फॅटी लिव्हर निघालं. त्याच्या आदल्या वर्षी केंद्र सरकारने हा आजार मधुमेह, कॅन्सर, हृदयरोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. २०२३ मध्ये नावही बदललं. आता दारूचा उल्लेख काढून चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नाव आहे, मॅसल्ड. माझ्या ओपीडीत अजून कोणी त्या नावाने विचारत नाही, सगळे 'फॅटी'च म्हणतात.

ही चरबी येते कुठून, तर तुपातून सरळ लिव्हरमध्ये असं नसतं. अशा रुग्णांत मोजून पाहिलंय: साधारण ५९ टक्के चरबी अंगावरच्या साठ्यातून रक्तावाटे येते, २६ टक्के लिव्हर स्वतः साखर-पिठापासून बनवतं आणि आहारातल्या तेल-तुपातून थेट फक्त १५. म्हणून पुरीच्या तेलाइतकंच त्या चार चहांतल्या साखरेकडे बघा. कपाला दोन चमचे धरले तर दहा ग्रॅम.

पुढे एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स), प्लेटलेट केलं असेल तर आकडे द्या.

---

निफाडचा_बागाईतदार

लिलावाची उपमा पटली, फक्त आमच्याकडे ट्रॅक्टर उशिरा पोचला तर भाव नाही, परतीचं भाडं पडतं.

आमचा प्रकार वेगळा. पंपाची लाईट आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बारा-एकला मोटार चालू करायला जायचं, बिबट्याची भीती म्हणून दोघं मिळून, हातात बॅटरी. थंडीत पारा खाली गेला की द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे पाणी द्यायचं, नाहीतर मणी तडकतात. मग घरून निघताना भाकरी-ठेचा बांधून घेतो आणि मळ्यात दोनला खातो. गार हवेत भूकही सणकून लागते. अंगमेहनत करणाऱ्याला पण हे लागू आहे का? मला तर कोणी जाड म्हणणार नाही.

---

गोदाकाठची

दादा, मेहनतीचा फरक पडतोच. स्नायू काम करत असतील तर ते इन्शुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात, लिव्हरवरचा भार हलका होतो. त्यामुळे तुमची दोनची भाकरी आणि खुर्चीत बसलेल्याचा दोनचा पिझ्झा एका मापाने मोजता येणार नाहीत. पण तुमच्यात आणि सातपूरमध्ये एक गोष्ट सारखी आहे, आणि ती मला सगळ्यात त्रासाची वाटते: घड्याळ कुठेच स्थिरावत नाही. सलग नाईट करणाऱ्याचं लिव्हर निदान काहीतरी एक धरून बसतं. दर आठवड्याला फिरणाऱ्याचं जरा जुळतंय म्हणेपर्यंत पुन्हा बदलतं. उंदरांना सतत असं जेटलॅगमध्ये ठेवून २०१६ मध्ये पाहिलं गेलं, तर आधी फॅटी लिव्हर आणि पुढे काहींत लिव्हरचा कॅन्सरही झाला. माणसांबद्दल इतकं ठाम म्हणता येत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रात्रपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलंय, २००७ मध्ये, आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं.

आता कामाचं. २०२१ मध्ये बोस्टनलाच १९ निरोगी लोकांना प्रयोगशाळेत खोट्या नाईट शिफ्टमध्ये ठेवलं. निम्मे रात्रीही जेवत होते, निम्मे जागरण तेवढंच करायचे पण जेवायचे फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसा जेवणाऱ्यांची लक्षात येण्याइतकी वाढली नाही. जागरण दोघांना सारखं होतं हे विसरू नका.

१९ माणसं म्हणजे फार नाहीत, शंकासुर, मला ठाऊक आहे.

---

शंकासुर

बोलायच्या आधीच उत्तर. बरं, मग वजन आणि लिव्हरवर महिनोनमहिने चाललेला एखादा अभ्यास आहे का? १९ निरोगी माणसं दोन आठवडे प्रयोगशाळेत आणि दीड वाजता कँटीनला जाणारा माणूस यात फरक आहे.

---

डॉ_पोटोबा

आहे, आणि उत्तर उपासवाल्यांना आवडणार नाही. चीनमध्ये ग्वांगझूला फॅटी लिव्हरच्या ८८ रुग्णांवर केला, २०२३ मध्ये छापून आला. दोन्ही गटांना कॅलरी मोजून कमी दिल्या. एका गटाने सगळं खाणं सकाळी ८ ते दुपारी ४ मध्ये बसवायचं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही. वर्षभराने लिव्हरमधली चरबी दोन्हीकडे उतरली, जवळपास सारखीच. वेळेमुळे जास्तीचा फायदा दिसला नाही.

म्हणून मी रुग्णाला सांगतो, वजन ७ ते १० टक्के उतरवा. तिथे पुरावा भक्कम आहे: सात टक्क्यांत चरबी आणि सूज कमी होते, दहाच्या आसपास गेलात तर बऱ्याच जणांत वण पडून कडक झालेला भागही (फायब्रोसिस) सुधारतो. वेळ हे त्यासाठीचं एक हत्यार. रात्री आठनंतर स्वयंपाकघर बंद केलं की बिस्किटं, फरसाण, दुधातलं पावडरीचं काहीबाही आपोआप सुटतं, कॅलरी न मोजता कमी होतात. ज्याला हे जमतं त्याने जरूर करावं.

---

गोदाकाठची

डॉक्टर, आकड्यांना हरकत नाही, निष्कर्षाला थोडी आहे. त्या अभ्यासातले दुसऱ्या गटातले लोक मध्यरात्री जेवत नव्हते, साधारण माणसासारखे दिवसा-संध्याकाळी जेवत होते. म्हणजे तुलना झाली ती 'चारला ताट बंद' आणि 'रात्री वेळेवर जेवण' यांची. रात्री दीडच्या पुऱ्यांशी कोणी तुलना केलेलीच नाही. ऑफिसवाल्याने सातऐवजी साडेसातला जेवलं म्हणून काही बिघडत नाही, हे मला त्यातून दिसतं. रात्रपाळीवाल्याला ते जसंच्या तसं लावू नये.

---

डॉ_पोटोबा

मान्य. तेवढं मी गृहीत धरून लिहिलं होतं.

---

नवकारशी

आमच्या घरी हे सगळं शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या पाळतोय, कोणी नोबेल दिलं नाही :) सूर्यास्तानंतर अन्न नाही, आणि सकाळी सूर्योदयानंतर ४८ मिनिटं झाल्यावरच तोंडात काही घालायचं. नाशकात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे थंडीत साडेपाचला जेवणं उरकतात. जूनमध्ये सव्वासातपर्यंत मुभा. सासूबाई ७८ च्या, अजून रविवार कारंज्यापासून घरापर्यंत पिशवी घेऊन चालत येतात.

पण खरं सांगू? माझा स्वतःचा एसजीपीटी वाढलेला आहे. चौविहार (सूर्यास्तानंतर काही न खाण्याचा जैन नेम) पाळूनसुद्धा. कसं काय?

---

गोदाकाठची

काकू, हिशोब करून बघा. थंडीत तुमची खाण्याची वेळ दहा-सव्वादहा तासांची, उन्हाळ्यात साडेबारा तासांची. रात्रीची सुट्टी लिव्हरला छान मिळते. प्रश्न त्या दहा तासांत काय जातं हा आहे. मला आमच्या शेजारच्या घरातलं माहितेय: साडेपाचच्या जेवणात सहापर्यंत आटपायचं म्हणून घाईघाईत दोन वेळचं एकदम, वर मुगाचा हलवा, आणि दुपारभर खाखरा-चहा. तुमचं तसं असेलच असं नाही. थायरॉइड आणि कुठली औषधं चालू असतील तर ती पण डॉक्टरांना दाखवा, एसजीपीटी वाढायला चरबी हे एकच कारण नसतं.

---

नवकारशी

खाखरा-चहा बरोबर ओळखलंत. हलवा नाही हो, पण श्रीखंड असतं.

---

इंदिरानगरची_सून

माझा प्रश्न जरा वेगळा. आईंना (सासूबाई) मधुमेह आहे. रात्री आठला जेवतात, झोपताना साखर १२०, आणि सकाळी काहीही न खाता १४५! त्या म्हणतात मशीन खराब आहे, आणि माझ्यावर संशय की रात्री दुधात साखर घालते. हे लिव्हरचंच काम का?

---

गोदाकाठची

सुनेची निर्दोष मुक्तता! हो, लिव्हरचंच काम. पहाटे चारच्या पुढे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल वाढतं, रात्रीच्या ग्रोथ हार्मोनचाही असर असतो. लिव्हर रक्तात साखर सोडायला लागतं. निरोगी माणसात इन्शुलिन लगेच वाढून ते सावरतं, मधुमेहात सावरत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी मुख्यतः लिव्हरच्या याच साखर बनवण्यावर चाप लावतं. सकाळचा आकडा सतत वर असेल तर गोळीची मात्रा आणि वेळ डॉक्टर बदलून देतात, आपली आपण बदलायची नाही.

आणि आकडा जास्त आला म्हणून त्यांना रात्री उपाशी ठेवू नका.

---

भद्रकालीकर

रमजानबद्दल कोणीतरी बोला की. आमचं तर महिनाभर सगळं उलटं: पहाटे सहरी, मग सूर्यास्ताला इफ्तार, रात्री बारापर्यंत खाणं चालू. दूध बाजारात त्या दिवसांत रात्री एकला जी गर्दी असते ती बघून ताईंचं लिव्हर दुखेल.

---

डॉ_पोटोबा

तिथले कबाब खाऊनच बोलतोय. निरोगी माणसाला महिनाभराचा रोजा झेपतो. रमजानमध्ये वजन आणि एसजीपीटी थोडं उतरलेलं काही अभ्यासांत दिसतं, काहींत नाही, आणि फरक बहुतेक इफ्तारनंतर काय खाल्लं यावर पडतो. खजूर, फळं, पाणी, मग साधं जेवण असं असेल तर छान. भजी, समोसे, सरबत, शाही तुकडा आणि बारा वाजता पुन्हा कबाब, वर झोप चार तास, तर मग उतरलेलं सगळं ईदपर्यंत परत.

मधुमेहवाल्यांनी मात्र रोजे सुरू व्हायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना दिवसभर उपाशी राहिलं तर साखर धाडकन खाली जाते. चौविहारवाले, नाईटवाले, सगळ्यांना हेच लागू. या धाग्यात वाचून उद्यापासून सोळा तास उपास सुरू करू नका.

---

सातपूर_नाईट

रिपोर्ट सापडला. एसजीओटी ३८, एसजीपीटी ५६, प्लेटलेट २ लाख ४० हजार. वजन ८२. साखर नॉर्मल, मधुमेह नाही. बघा ना डॉक्टर.

आणि ताई, कँटीनचं काय करू ते सांगा. दीडला सगळे उठतात तेव्हा मी एकटा मशीनपाशी बसलो तर सुपरवायझर विचारणार, तब्येत बरी नाही का.

---

डॉ_पोटोबा

वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चारांवरून लिव्हर वण पडून कितपत कडक झालंय याचा अंदाज काढायचं एक सूत्र आहे, फिब-फोर. वयाला एसजीओटीने गुणायचं आणि प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. तुमचं ०.८७ येतं. १.३ च्या खाली असेल तर लिव्हर जास्त कडक झालं असण्याची शक्यता कमी. म्हणजे घाबरायचं कारण नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. पासष्टीच्या पुढच्यांना ही रेघ चालत नाही, त्यामुळे बाकीच्यांनी आजी-आजोबांचे रिपोर्ट काढून बसू नका. एकदा हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या, नसतील झाले तर. ८२ चे ७६ झाले की पुन्हा सोनोग्राफी करू. आणि हे फोरमवरचं बोलणं आहे, तपासणी नव्हे.

---

गोदाकाठची

कँटीनमध्ये जा की, जायला कोण नको म्हणतंय. माणसांत बसणं महत्त्वाचं, रात्री तर जास्तच. फक्त ताटात बदल करा. मी असं सुचवेन:

घरचं नऊचं जेवण हेच मुख्य, ते पोटभर करा. डाळ किंवा उसळ वाढवा, अंडी-मासे चालत असतील तर उत्तम, म्हणजे दीडला पोट खरंच रिकामं वाटणार नाही. कँटीनमध्ये ताक, काकडी, मूठभर फुटाणे, डब्यात उकडलेलं अंडं. पुऱ्या-भात नको. शुक्रवारचा शिरा एखादा चमचा खाल्ला तर लिव्हर तक्रार करणार नाही. चहा साडेबाराच्या आत आणि बिनसाखरेचा. तीननंतरचा चहा सकाळची झोपही घालवतो. कॉफी मिळाली तर बघा, रोज कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे आजार कमी आढळतात, अर्थात साखरेचा पाक नसेल तर.

वडापाव आणि पोहे यातलं एकच ठेवा. मी पोहे ठेवले असते, तेही बशीभर, मग अंधार करून झोप. फर्स्टचा आठवडा आला की रात्रीचं जेवण साडेसात-आठला आणि नंतर काही नाही. सेकंडला सुटून घरी यायला बारा होणार, तेव्हा कंपनीत सात-आठच्या ब्रेकला डबा खाऊन घ्या, घरी येऊन दुसऱ्यांदा जेवू नका. बायकोला वाईट वाटेल, तिला हा धागा दाखवा.

शिफ्ट फिरती आहे तोवर घड्याळ पूर्ण जुळणार नाही. मध्यरात्र ते पहाट एवढा वेळ तीनही आठवडे जवळपास रिकामा राहिला, तरी लिव्हरला धरायला एक खुंटी मिळते.

---

झणझणीत

आणि ज्याची रोज रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी असते, ती सकाळी घेतली तर? माझी सारखी विसरते.

---

गोदाकाठची

चांगला प्रश्न, आणि याच विषयातला. लिव्हर कोलेस्टेरॉल मुख्यतः रात्री बनवतं. म्हणून सिम्व्हास्टॅटिनसारखी लवकर उतरणारी गोळी रात्री देतात. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, ती कधीही घेतली तरी चालतात, फक्त रोज त्याच वेळी. पाकिटावर नाव बघा, केमिस्टला विचारा, आणि डॉक्टरांना सांगून बदला.

---

झणझणीत

रोसु आहे. मिसळीबरोबर घेईन.

---

निफाडचा_बागाईतदार

ताई, एक राहिलं. छाटणीनंतर आमची फवारणी पहाटेच असते, दव असताना, उपाशीपोटी. घरचे म्हणतात काहीतरी खाऊन जा, औषध लिव्हरवर जातं. खाऊन गेल्याने काही फरक पडतो का?

---

गोदाकाठची

दादा, कीटकनाशक बहुतेक कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं. पोट भरलेलं असल्याने ते अडत नाही. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वारा येतो त्या बाजूला पाठ, आणि फवारणी संपल्यावर साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय तंबाखू-बिडी-भाकरी काहीही नाही. पण हा विषय मोठा आहे, कुठलं औषध, किती दिवस, कोलिनेस्टरेजची तपासणी, सगळं येईल त्यात. तुम्ही वेगळा धागा काढा, वापरता त्या औषधांची नावं लिहा, मी आणि डॉक्टर तिकडे येतो.

---

निफाडचा_बागाईतदार

काढतो. आज रात्रीची लाईट आहे, उद्या लिहितो.